तुमचा निबंध वाचला कोणी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देते आहे ते इतरांनाही कळेल. तुम्ही मराठवाड्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवता आणि सोबत पीएच.डी. करता. एका तालुक्यातल्या ६० विहिरींचं पाणी तुम्ही दोन वर्षं, दर मे आणि नोव्हेंबरमध्ये, तपासलंत आणि त्यातल्या नायट्रेटवर शोधनिबंध लिहिलात. दोन महिन्यांपूर्वी तो एका चांगल्या पत्रिकेला पाठवला. तिकडून पोच आली, पुढे काहीच नाही. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाआधी द्यायचा सारांश, तोंडावर आली म्हणून मेलवर आमंत्रण आलेल्या दुसऱ्या एका जर्नललाही तोच निबंध पाठवलात. तिसऱ्या दिवशी ‘ॲक्सेप्टेड’ असं पत्र आणि ४,५०० रुपये भरायची लिंक आली. त्यांच्या वेबसाइटवर ‘पीअर रिव्ह्यूड’, ‘यूजीसी ॲप्रूव्ड’, ‘इम्पॅक्ट फॅक्टर ७.८’ असं सगळं लिहिलेलं आहे; म्हणजे विषयतज्ज्ञांनी तपासलेलं, विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मान्य केलेलं आणि इतरांच्या निबंधांत भरपूर उद्‌धृत होणारं, असा दावा. गाईड म्हणतात, एचओडींचं (विभागप्रमुखांचं) नाव लेखकांत घाला आणि छापून मोकळे व्हा. तुम्ही विचारताय, जर्नल खरं आहे की बोगस, आणि पैसे भरू का?

पैसे भरू नका. हे आधीच सांगते, कारण लिंकवर तुम्हाला दोन दिवसांची मुदत दिलेली आहे आणि बाकीचं उत्तर लांब आहे.

खरं की बोगस हे ठरवायला पुढे येऊच. पण त्याआधी एक साधी गोष्ट बघा. स्वीकृतीचं जे पत्र तुम्ही इथे उतरवून दिलंय, त्यात तुमच्या विहिरींबद्दल एक तरी वाक्य आहे का? ‘परीक्षकांना निबंध उत्कृष्ट व मौलिक वाटला’ एवढंच आहे. हे वाक्य कापसावरच्या निबंधालाही लागू पडेल आणि कवितेवरच्याही. म्हणजे तुमचा निबंध कोणीही वाचलेला नाही. माझ्या दृष्टीने खरी अडचण ही आहे. ४,५०० रुपये गेले तर वाईट वाटेल, पण दोन वर्षं उन्हातान्हात हिंडून जमवलेली माहिती न वाचताच छापली गेली, तर ती कायमची वाया जाईल. कारण एकदा छापलेला निबंध पुन्हा दुसरीकडे छापता येत नाही.

मी भूजलाच्या रसायनावर काम करते. परीक्षक म्हणून निबंध वाचायला लागून वीसेक वर्षं झाली, त्यातली सात वर्षं एका पत्रिकेची सहसंपादक म्हणून. तुमचा विषय माझ्या ओळखीचा आहे. म्हणून तुमचा निबंध माझ्याकडे परीक्षणाला आला असता तर मी काय केलं असतं, तेच सांगते. परीक्षण म्हणजे काय हे व्याख्येपेक्षा त्यातून जास्त कळेल.

पहिल्या वाचनात मी काहीच लिहीत नाही. दुसऱ्या वाचनात तक्ते उघडते. नायट्रेटचे आकडे दिलेत ते नायट्रेट म्हणून की नायट्रेटमधलं नायट्रोजन म्हणून, हे आधी शोधते. आपल्याकडे भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्यात कुठलीही सवलत नाही. अमेरिकेची मर्यादा १० मिलिग्रॅम आहे, पण ती नायट्रोजन म्हणून मोजलेली. दोन्ही मर्यादा जवळपास एकच, फक्त मोजण्याची भाषा वेगळी. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायला साधारण ४.४३ ने गुणावं लागतं. आता तुमच्या तक्त्यात एखाद्या विहिरीला ‘१८’ लिहिलंय आणि एकक स्पष्ट नाही, तर ते पाणी निर्धोक आहे की मर्यादेच्या दुपटीच्या आसपास, म्हणजे ८० च्या घरात आहे, हे मला सांगता येणार नाही. ही चूक मी फार वेळा पाहिली आहे. प्रयोगशाळेचं यंत्र एका पद्धतीत आकडा देतं, निबंधात दुसरी मर्यादा उद्‌धृत होते आणि तालुकाच्या तालुका कागदावर सुरक्षित ठरतो.

मग मी धन आणि ऋण आयनांची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या विद्युतभारित कणांची, बेरीज जुळते का ते बघते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम एका बाजूला. क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट, नायट्रेट दुसऱ्या बाजूला. पाण्याला विद्युतभार नसतो, म्हणून दोन्ही बाजू जुळायलाच हव्यात. फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर विश्वास बसतो, दहापर्यंत असेल तर कारण विचारते, वीस असेल तर विश्लेषणात काहीतरी चुकलंय. नमुने बर्फाच्या पेटीत आणले का, किती तासांत तपासले, हेही विचारते. मे महिन्यात बाटली एसटीच्या टपावर दिवसभर तापली आणि चार दिवसांनी प्रयोगशाळेत उघडली, तर नायट्रेटचा आकडा विहिरीचा राहत नाही, बाटलीचा होतो. पावसानंतर नायट्रेट वाढलं असं तुम्ही म्हणत असाल तर ते युरियामुळे की गोठ्यामुळे की शौचालयाच्या शोषखड्ड्यामुळे, हे तुम्हाला कशावरून कळलं, असंही मी विचारेन. खतामुळे असं लिहिणं सोपं असतं, दाखवणं अवघड.

यातल्या एकेका प्रश्नाला तुमच्याकडे कदाचित उत्तर असेल. बहुतेक असेलच, कारण तुम्ही स्वतः फिरलेले आहात. पण ती उत्तरं निबंधात आलेली नसतात, आणि कोणी विचारल्याशिवाय ती येत नाहीत. परीक्षणाचा उपयोग तिथे आहे.

माझ्या पहिल्या निबंधाला तीन पानांचं परीक्षण आलं होतं. मी रात्रभर रडले होते. दुसऱ्या दिवशी त्यातला चौथा मुद्दा वहीशी ताडून बघितला आणि हात गार पडले: अकरा नमुन्यांत मी बायकार्बोनेटचा आकडा चुकीच्या रकान्यातून उतरवला होता. ते परीक्षक कोण होते मला आजही माहीत नाही. त्या अनोळखी माणसाने माझ्या तक्त्यातली अकरा ओळींची बेरीज स्वतः करून पाहिली होती. त्याचे त्यांना पैसे मिळाले नव्हते, नावही कुठे छापून आलं नाही. आज मी दर महिन्याला एक निबंध वाचायचा नियम पाळते, त्यामागे ते तीन पानांचं पत्र आहे.

आता तुमच्या मनात येईल की एवढं करूनही मोठमोठ्या पत्रिकांत चुका छापल्या जातातच की. जातात. लॅन्सेट या वैद्यकीय पत्रिकेने १९९८ मध्ये बारा मुलांच्या नोंदींवरून लशीचा आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा निबंध छापला आणि तो पूर्णपणे मागे घ्यायला २०१० उजाडलं. कोविडच्या काळात, जून २०२० मध्ये, लॅन्सेट आणि न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या दोघांनाही एकाच कंपनीच्या माहितीवर उभे असलेले निबंध काही आठवड्यांत मागे घ्यावे लागले, कारण मूळ नोंदी तपासायला कोणालाच मिळेनात. परीक्षकासमोर फक्त कागद असतो. कोणी आकडे घरी बसून बनवले तर ते प्रत्येक वेळी ओळखता येत नाहीत. परीक्षण पोलिसी तपासासारखं नसतं. ते प्रामाणिक माणसाच्या चुका पकडतं, आणि आपल्यापैकी बहुतेक जण प्रामाणिकपणे चुकणारेच असतो.

परीक्षकही चुकतात, हेही मान्य करते. मला एकदा एका परीक्षकाने स्वतःचेच पाच निबंध संदर्भात घालायला सांगितलं होतं. त्यातले चार माझ्या विषयाशी संबंधित नव्हते. मी एक घातला, बाकीचे का घालत नाही ते संपादकांना नम्रपणे लिहिलं, आणि संपादकांनी ते मानलं. असं झालं तर संपादकांना लिहायचं, हे तुम्हीही लक्षात ठेवा. रागावून निबंध काढून घेणं हा पर्याय प्रत्यक्ष आइन्स्टाइननेही वापरून पाहिला. १९३६ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी रोझेन यांनी गुरुत्वीय लहरी नसतात असं म्हणणारा निबंध फिजिकल रिव्ह्यूला पाठवला. संपादकांनी तो परीक्षकाकडे दिला म्हणून आइन्स्टाइन चिडले आणि निबंध मागे घेतला. परीक्षकाने दाखवलेली चूक मात्र खरी होती. पुढच्या वर्षी तो निबंध दुसरीकडे छापून आला तेव्हा त्याचा निष्कर्ष बदललेला होता.

आता जर्नल ओळखण्याबद्दल. इथे ‘परिस्थितीवर अवलंबून’ असं मला दोन-तीनदा म्हणावं लागेल.

पैसे मागितले म्हणजे बोगस, असं नाही. वाचकांना मोफत उघडी असणारी अनेक चांगली जर्नल्स छपाईचा खर्च लेखकाकडून घेतात आणि त्यांची रक्कम तुमच्या ४,५०० पेक्षा कितीतरी जास्त असते. लवकर उत्तर आलं म्हणजे बोगस, असंही नाही; संपादक दोन दिवसांत ‘हा विषय आमचा नाही’ म्हणून परत पाठवू शकतात, मीही पाठवते. पण नकार दोन दिवसांत येऊ शकतो, परीक्षण होऊन स्वीकृती तीन दिवसांत येऊ शकत नाही. दोन परीक्षक शोधायलाच मला सरासरी तीन आठवडे लागतात. सहा जणांना विचारावं तेव्हा दोघं हो म्हणतात.

जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने २०१३ मध्ये सायन्स या नियतकालिकासाठी एक प्रयोग केला होता. कर्करोगावरच्या औषधाचा एक खोटा निबंध त्याने रचला, त्यात कोणत्याही जाणत्या परीक्षकाला दिसतील अशा ढोबळ चुका मुद्दाम ठेवल्या आणि पैसे घेऊन छापणाऱ्या ३०४ मुक्त पत्रिकांना पाठवला. १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला, ९८ नी नाकारला. स्वीकारणाऱ्यांत सर्वांत जास्त पत्रिका भारतातून चालणाऱ्या होत्या. त्यात नामांकित प्रकाशकांच्याही काही होत्या. आणि नाकारणाऱ्यांत पैसे घेणारं प्लॉस वन होतं, ज्याने निबंधातल्या नैतिक बाजूंबद्दल बारकाईने प्रश्न विचारले. म्हणून प्रकाशकाचं नाव किंवा पैशाचा आकडा यावरून निकाल लावू नका. एकेक पत्रिका स्वतंत्रपणे बघावी लागते.

मी स्वतः काय बघते? त्या जर्नलमध्ये माझ्या विषयावर छापलेले शेवटचे तीन निबंध उघडून पूर्ण वाचते. यासारखी दुसरी कसोटी नाही, आणि ती करायला कोणतीही यादी लागत नाही. तुम्ही ज्याचं नाव दिलंय त्याचा एक अंक मी आज सकाळी उघडला. नाव इथे लिहीत नाही. पाण्यावरच्या एका निबंधात पीएच १७.२ छापलेला आहे; आम्लता दाखवणारा हा आकडा विहिरीच्या पाण्यात १४ च्या पुढे जाऊच शकत नाही. त्याच अंकात मोडी लिपी, वस्तू व सेवा कर, मधुमेह आणि काँक्रीट. एकच संपादक मंडळ हे सगळं कसं तपासणार? मंडळावर ज्यांची नावं आहेत त्यातल्या दोघांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल करा. आपलं नाव तिथे आहे हे त्यांनाच माहीत नसतं, असं मी एकाहून जास्त वेळा अनुभवलंय.

इम्पॅक्ट फॅक्टर हा शब्द कोणीही वापरू शकतं. संशोधक जो आकडा मानतात तो क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी काढते, आणि तो त्यांच्या अहवालात शोधायचा असतो, जर्नलच्या मुखपृष्ठावर नाही. बोगस आकडे विकणाऱ्या कंपन्या वेगळ्याच आहेत. तसंच आयएसएसएन. तो नुसता नोंदणीचा क्रमांक आहे, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. गाडी कोण चालवतंय हे त्यावरून कळत नाही. स्कोपस किंवा डीओएजे या पत्रिकांच्या सूचींचं चिन्ह लावलेलं असेल तर त्या चिन्हावर क्लिक करू नका, थेट त्या सूचीच्या वेबसाइटवर जाऊन पत्रिकेचं नाव शोधा. कोप ही १९९७ पासून प्रकाशनातल्या नीतीचे नियम घालून देणारी संस्था आहे. तिच्या सदस्यांची यादीही अशीच पडताळता येते. आणि नाव सापडलं तरी वेबसाइटचा पत्ता जुळतो का ते पाहा. चांगल्या पत्रिकेचं नाव आणि क्रमांक चोरून हुबेहूब दुसरी साइट उभी करणारेही आहेत. बंद पडत आलेल्या किंवा फक्त कागदावर निघणाऱ्या जुन्या पत्रिका त्यांना सोप्या सापडतात.

‘यूजीसी ॲप्रूव्ड’चं काय? हा इतिहास थोडा सांगावा लागेल, कारण माझे अनेक सहकारीही त्यात अडकलेले आहेत. २०१७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य पत्रिकांची मोठी यादी काढली. तिच्यात विद्यापीठांनी सुचवलेल्या पत्रिका भसाभस आल्या. पुण्यातल्या डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या १,००९ पत्रिका तपासून २०१८ मध्ये करंट सायन्समध्ये निष्कर्ष छापला: ८८ टक्क्यांहून जास्त पत्रिका निकषांत बसत नव्हत्या. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावं यादीतून काढली. पुढे यूजीसी-केअर ही नवी यादी आली, जिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या केंद्रातून चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादीही बंद केल्याचं जाहीर केलं आणि पत्रिका निवडण्याची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर टाकली. थोडक्यात, आज कोणी ‘यूजीसी ॲप्रूव्ड’ म्हणत असेल तर अशी कोणतीही चालू यादी नाही ज्यात त्याचं नाव असेल.

यादी गेल्याचं मला वाईट वाटतं का? काही अंशी. मराठीत आणि इतर भारतीय भाषांत निघणाऱ्या पत्रिका परदेशी सूचींमध्ये फारशा येत नाहीत. त्यांना या यादीमुळे मान होता. पण यादी असताना आम्ही सगळे वाचायचं विसरलो होतो. पदोन्नतीच्या समितीत बसल्यावर निबंध न उघडता यादीत नाव आहे की नाही एवढंच बघणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. त्यातूनच ४,५०० रुपयांचं दुकान उभं राहतं. तुमच्यासारख्या मुलांना दोष देणं सोपं आहे. मागणी मात्र आमच्या पिढीने निर्माण केली.

सिनॉप्सिसच्या घाईबद्दल. नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. नियमांत आयोगाने प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची देशपातळीवरची सक्ती काढली आहे. आधीच्या २०१६ च्या नियमांत एक निबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणं लागायची. तरी विद्यापीठं आपली अट ठेवू शकतात, आणि तुमची नोंदणी कोणत्या साली झाली यावर तुम्हाला कोणता नियम लागतो हे अवलंबून आहे. गाईडना तोंडी विचारू नका, मित्रालाही नको. विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. छापील निबंधाऐवजी ‘स्वीकृत’ किंवा ‘परीक्षणाधीन’ चालतं का, हाही प्रश्न त्यातच घाला. ज्या अटीपायी तुम्ही हे सगळं करताय ती अट तुम्हाला लागूच नाही, असं निघण्याची बरीच शक्यता आहे.

आता तुमची स्वतःची एक चूक, आणि तीही स्पष्टच सांगायला हवी. एकच निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवायचा नसतो. पाठवताना तुम्ही जो फॉर्म भरलात त्यात ‘हा निबंध इतरत्र विचाराधीन नाही’ अशी ओळ होती आणि तुम्ही तिथे खूण केली आहे. ही नुसती औपचारिकता नाही. दोन ठिकाणी चार माणसं फुकट वेळ देऊन तेच काम करत बसतात, आणि दोन्हीकडे छापून आलं तर तेच ६० नमुने उद्या कोणाच्या तरी संकलनात १२० म्हणून मोजले जातात. दोन महिने उत्तर नाही ही आमच्या विषयात नेहमीची गोष्ट आहे. चार-पाच महिनेही लागतात. विचारायचं असेल तर संपादकांना दोन ओळींचा मेल करावा, कोणीही रागावत नाही.

म्हणून आजच या क्रमाने करा. तीन दिवसांत स्वीकारणाऱ्या जर्नलला लिहा की मी निबंध मागे घेत आहे, पैसे भरलेले नाहीत, कॉपीराइटच्या फॉर्मवर सही केलेली नाही, तो छापू नये. सही केली असेल तर तसं लिहा आणि संमती काढून घेत असल्याचं नमूद करा. ते बहुधा ‘मागे घेण्याचे’ पैसे मागतील, कायदेशीर भाषाही वापरतील. पैसे देऊ नका, वाद घालू नका, मेल जपून ठेवा. मग पहिल्या पत्रिकेच्या संपादकांना घडलं ते जसंच्या तसं कळवा, मागे घेतल्याचा मेल सोबत जोडा. भीती वाटेल. संपादक म्हणून मला अशी पत्रं चार वेळा आली आहेत आणि चारही वेळा मी परीक्षण पुढे चालू ठेवलं. ज्यांचं मला दुसरीकडून कळलं त्यांचे निबंध मात्र परत पाठवले. दुसरा संपादक असंच वागेल याची हमी मी देऊ शकत नाही. पण उद्या त्या जर्नलने तुमच्या परवानगीशिवाय निबंध साइटवर टाकला, आणि तसं करणारे आहेत, तर तुमच्या हातात हा आजच्या तारखेचा मेल असेल.

पहिल्या पत्रिकेने नाकारलं तरी पैसे न भरता छापून येण्याच्या वाटा आहेत. १९३२ पासून निघणारं करंट सायन्स आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीचं जर्नल ऑफ अर्थ सिस्टीम सायन्स आहे. तिथे नकार येऊ शकतो, पण बहुतेक वेळा कारणांसह येतो, आणि त्या कारणांनी पुढचा खर्डा सुधारतो.

‘प्लॅगरिझम (दुसऱ्याचा उचललेला मजकूर) फक्त ८ टक्के’ असंही तुम्ही लिहिलंय. आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत कारवाई नाही, हे खरं. पण सॉफ्टवेअर जुळणारे शब्द मोजतं, उचललेला विचार नाही. आठ टक्क्यांत एखादा अख्खा परिच्छेद दुसऱ्याचा असेल तर तो दुसऱ्याचाच आहे. रिपोर्ट उघडून रंगवलेली प्रत्येक ओळ स्वतः बघा.

एचओडींच्या नावाचा मुद्दा सगळ्यांत अवघड, कारण तिथे नियम स्पष्ट आहे आणि तुमची नोकरी तासिकेवरची आहे. वैद्यकीय पत्रिकांच्या संपादकांनी घालून दिलेले आणि आता बाहेरही मानले जाणारे निकष असे: कल्पना, माहिती जमवणं किंवा तिचं विश्लेषण यांत भरीव वाटा, लिहिण्यात किंवा मसुदा कसून दुरुस्त करण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि उद्या प्रश्न निघाला तर उत्तर द्यायची तयारी. चारही हवेत. विभागाची खोली आणि यंत्र वापरायला दिलं, यासाठी आभार मानायचे असतात. मी स्वतः सुरुवातीच्या काळात दोन निबंधांवर असं एक नाव घातलं होतं. दबाव होता, पण सही माझी होती, आणि ते दोन्ही निबंध माझ्या यादीत आजही मला टोचतात.

‘नाही’ म्हणायला जमेलच असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या विभागात काय चालतं ते तुम्हाला ठाऊक. पण एक मार्ग माझ्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडला आहे. बऱ्याच पत्रिका आता प्रत्येक लेखकाने नेमकं काय केलं ते वेगळं लिहून मागतात. तो फॉर्म घेऊन सरांकडे जा आणि म्हणा, ‘सर, इथे तुमच्यापुढे काय लिहू?’ काही जण स्वतःच म्हणतात, राहू दे, आभारात घाल. काही जण निबंध मागून घेतात, खरंच वाचतात, चार दुरुस्त्या सुचवतात. सुरुवातीपासून विश्लेषणातही त्यांचा हात असेल तर नाव घालायला माझी काही हरकत नाही. आणि त्याच वेळी दुसरीकडेही बघा. प्रयोगशाळेत ४८ तासांच्या आत नमुने तपासायला रात्री थांबणारे कोणी असतील, तुमच्यासोबत दोन उन्हाळे विहिरी उतरणारा एखादा विद्यार्थी असेल. त्यांची नावं आभारातही राहून जातात.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही. ६० पैकी २३ विहिरींमध्ये नायट्रेट ४५ च्या वर आहे, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्या २३ जागी पाणी पिणाऱ्यांना हे सांगितलंय का? निबंध कुठे छापून येतो याची वाट त्यासाठी पाहू नका. ग्रामपंचायतीला साधा तक्ता देणं म्हणजे आधी प्रकाशन केलं असं कोणतीही चांगली पत्रिका धरत नाही, आणि एखादीने धरलं तरी तक्ता द्यायलाच हवा. आधी एकक पुन्हा तपासा, म्हणजे घाबरवून सोडायला नको आणि खोटा दिलासाही नको. निबंधात मालकांची नावं किंवा गट क्रमांक घालू नका, पण मालकाला त्याच्या विहिरीचा आकडा हातात द्या. ज्या घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ वरच्या दुधावर आहे तिथे आधी जा, कारण नायट्रेटने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होऊन बाळ निळं पडण्याचा धोका त्याच वयात जास्त असतो. आणि हे सांगायला विसरू नका की पाणी उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं ते वाढतं. बाळाच्या दुधासाठी दुसऱ्या विहिरीचं पाणी आणा, असं सांगा, आणि कोणत्या विहिरीचं ते तुमच्या तक्त्यावरून दाखवा.